छपराखालचा सांधा

नडीन क्रूस भित्री बाई होती, आणि आयोवातल्या त्या गावात हे कुणापासून लपलेलं नव्हतं. शाळेची पिवळी बस तिने जन्मभर चालवली. रेल्वेच्या फाटकाशी थांबायचं, दार उघडून कानोसा घ्यायचा आणि मगच पुढे जायचं, हा सगळ्याच बसवाल्यांचा नियम. नडीन मात्र गवत उगवलेल्या, बंद पडलेल्या रुळांशीही थांबायची. पोरं मागून तोंडाने आगगाडीची शिट्टी वाजवायची. ती हसायची आणि तरीही थांबायची.

अशा बाईने निवृत्तीच्या दिवशी केक कापता कापता जाहीर केलं, की जत्रेतल्या मातीच्या ट्रॅकवर एकदा तरी शर्यतीची गाडी पळवायची आहे. लोक खो खो हसले. "जन्मभर दुसऱ्यांची लेकरं घेऊन हळू हळू चाललेय," ती म्हणाली. "एकदा पाय पूर्ण खाली दाबून बघायचाय."

हसला नाही तो फक्त तिचा नवरा. लोवेल धान्याच्या लोखंडी कोठ्या बांधणारा वेल्डर, आणि त्याच्या हाताला तोड नव्हती. पण त्या वसंतात कंपनीने त्याला घरी बसवलं. "आता कोवळी पोरं हवीयत त्यांना," एवढं सांगून त्याने जो सोफा धरला तो सोडला नव्हता. गाडीचं कानावर पडताच दुसऱ्या दिवशी तो टोपी घालून भंगारवाल्याकडे गेला. नडीनच्या जिवात जीव आला.

पहिलं भांडण नळीवरून झालं. गाडी उलटली तर ड्रायव्हर वाचतो तो आत बसवलेल्या नळ्यांच्या पिंजऱ्यामुळे. लोखंडाच्या दुकानात दोन ढीग होते. एक पत्रा वळवून शिवण घातलेल्या नळ्यांचा, दुसरा ओढून घट्ट केलेल्या, महागड्या नळ्यांचा.

"शिवणीची चालते," लोवेल म्हणाला. "अर्धा ट्रॅक तिच्यावरच पळतो."

"आणि उरलेला अर्धा?"

"त्यांच्या बायका तुझ्यासारख्या आहेत."

नडीनने ओढीव नळीवर हात ठेवला, तीही जाडातली जाड. "ही."

"बाई गं, गाडी बनवतोय आपण, बँकेची तिजोरी नाही! एवढ्या वजनाने ती नांगराला जुंपल्यासारखी चालेल."

"चालू दे."

दुसरं भांडण शर्यतीच्या वर्गावरून. नडीनला नवशिक्यांचा, चार सिलिंडरच्या छोट्या गाड्यांचा वर्ग हवा होता. लोवेलला ते ऐकवेना. "ती शिवणयंत्रं आहेत, नडीन. आठ सिलिंडरची गाडी घेऊ, हॉबी म्हणतात त्या मोठ्या गाड्यांच्या वर्गात उतरू. इंजिन गुरगुरलं नाही तर पाय दाबून उपयोग काय?" शेवटी नळी तिची आणि वर्ग त्याचा, असा सौदा ठरला. एवढ्या दणकट नळीत बसल्यावर थोडा वेग सोसेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

मग गॅरेजमध्ये ठिणग्या उडू लागल्या आणि लोवेल पुन्हा शीळ घालू लागला. पिंजऱ्याचे वरचे सांधे छपराला इतके लगटून येतात, की त्यांच्या मागच्या बाजूला हात पोचत नाही. म्हणून लोक आधी छपराचा पत्रा कापून काढतात, सांधे चहूबाजूंनी जोडतात आणि पत्रा परत बसवतात. लोवेलने साफ नकार दिला. "कोठीच्या पोटात लोंबकळत, आरशात बघून वेल्डिंगचे टाके घातलेत मी. छप्पर कापतात ते शिकाऊ."

रंग लावायचं काम नडीनकडे आलं. पिवळाच रंग, दुसरा तिला सुचणार तरी कुठला! ड्रायव्हरच्या डोक्यावरचा सांधा रंगवताना तिने बोटं मागे सरकवली, आणि तिचं नख एका फटीत गेलं. तिने लोवेलचा आरसा उचलून मागे धरला. टाका सुरेख होता, एकसारखा, त्याच्या हातचा. पण सांध्यावर नव्हता. सांध्याच्या शेजारून, बोटभर अंतरावरून, कोऱ्या नळीवर तो सरळ चालत गेला होता. सांधा मागून उघडाच होता.

मग तिला एकेक गोष्ट आठवू लागली. कप भरलाय का हे बघायला लोवेल कॉफीत बोट बुडवतो. पेपर आला की म्हणतो, तूच वाच, तुझा आवाज बरा. कंपनीने त्याला का काढलं ते तिला त्या आरशात कळलं. त्यालाही ठाऊक असणार, आणि ते कुणी तोंडाने म्हणू नये म्हणूनच तो इतकी शीळ घालत असणार.

"झालं का गं?" बाहेरून लोवेलने विचारलं.

"होत आलं," ती म्हणाली आणि फटीवर रंग फिरवला.

त्यानंतर तिला झोप लागेना. डोळे मिटले की गाडी उलटायची आणि छप्पर खाली यायचं. सकाळी सांगायचंच असं ठरवून ती उठायची, तर लोवेल आधीच गॅरेजमध्ये. त्याला पुन्हा सोफ्यावर बसलेला बघायचीही तिला तितकीच भीती वाटत होती. या दोन भीतींच्या कात्रीत बाई वाळत चालली. त्यात तिला एकच आशा होती, शर्यतीआधी गाड्या तपासणाऱ्या व्हर्लिनची. तो सांधा पकडेल, गाडी नापास करेल, आणि आपल्याला बोलावं लागणार नाही.

जत्रेच्या दुपारी व्हर्लिन आला. नळीला पाडलेल्या बारीक भोकात माप घालून त्याने जाडी बघितली आणि भुवया उंचावल्या. "पाणबुडी बांधलीस का रे?"

"बायकोला विचार," लोवेल म्हणाला.

"वरचे सांधेही बघ ना, नीट बघ," नडीन म्हणाली.

"लोवेलच्या टाक्यांत मी काय बघणार? माझ्या घरची कोठी याच्याच हातची आहे." व्हर्लिनने दारावर पास झाल्याची चिठ्ठी डकवली आणि तो मक्याचं कणीस खात पुढच्या गाडीकडे गेला.

लोवेलने तिचे पट्टे आवळले. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी चाचपत. हेल्मेटवर थाप मारून म्हणाला, "आता दाब पाय."

ती रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि डोक्यावर तो सांधा. स्टिअरिंग तिने पकडलंय की स्टिअरिंगने तिला, हे कळेना. पंचांनी हिरवा झेंडा हातात घेतला. नडीनने खिडकीतून हात बाहेर काढून रांग सोडतेय अशी खूण केली आणि गाडी वळवून मागे आणली.

"घाबरले," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

कुंपणापलीकडून कुणीतरी तोंडाने आगगाडीची शिट्टी वाजवली. लोवेल चिडला नाही. गाडीची दारं जोडून बंद केलेली, म्हणून त्याने तिला खिडकीतून बाहेर यायला हात दिला, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. "असू दे गं. इथे पहिल्यांदा कोण घाबरलं नाही? तुझ्यासाठी एवढी मजबूत केली, म्हटलं निदान..." मग इंजिनवर हात ठेवून तो खुशीत म्हणाला, "वाया नाही जायची. पुढच्या शनिवारी मीच चालवतो."

लाज स्वतःवर घेऊन त्याला वाचवलं असं समजत होती नडीन. आणि तो आता धड न दिसणारे ते डोळे घेऊन त्याच छपराखाली बसायला निघाला होता.

"लोवेल, हात दे."

"कशाला?"

"दे म्हणते ना."

तिने त्याचा हात खिडकीतून आत नेला, वरच्या नळीवर ठेवला आणि छपराच्या बाजूने मागे सरकवला. त्याची बोटं टाक्यावरून गेली, थांबली, आणखी पुढे गेली. रंगाखालची खाच त्यांना सापडली. त्या बोटांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लोवेलचा चेहरा पांढरा पडला.

त्याने ती खाच पुन्हा एकदा टोकापासून टोकापर्यंत चाचपली.

"तुला कधी कळलं?"

"रंग लावताना."

"आणि तरी आत बसलीस?" "नडीन, मी स्वतः पट्टे आवळले गं तुझे."