जाधवकाकांचा उपग्रह

सूर्य मावळला की मुलुंडच्या आमच्या सोसायटीत जाधवकाका माझं दार वाजवत. "सेक्रेटरीबाई, गच्चीची किल्ली!" गच्ची बंद ठेवायचा ठराव माझाच, म्हणून सोबतही मलाच जावं लागे. काका दुर्बिणीतून आकाशात सरकणारा एक ठिपका शोधत. तो दिसला नाही की खूश. दिसला की चेहरा पडलेला.

तो त्यांच्या चमूने बनवलेला उपग्रह, केव्हाच बंद पडलेला. काम संपल्यावर त्याला उतरवायला इंधन राखून ठेवावं का, यावर ऑफिसात वाद झाला होता. "कशाला वजन वाढवता? हवाच आणेल खाली," असं म्हणून काकांनी तो मिटवला. तितक्या उंचीवरही विरळ हवा असते. तिच्यामुळे वेग कमी होत उपग्रह खाली येतो आणि जळतो. हा काकांच्या निवृत्तीआधीच जळायला हवा होता.

"मग अडलं कुठं?" मी एकदा विचारलं.

"हवा बदलली ना! ज्या कार्बन डायऑक्साइडने इथं उकडतंय, तोच तिथं उष्णता बाहेर फेकतो. वरची हवा वर्षानुवर्षं गार होत आक्रसतेय. माझा हिशेब जुन्या हवेचा. ह्याला ब्रेकच लागत नाही."

"राहू दे की वर. कुणाचं काय जातं?"

"जिन्यात सायकल ठेवली तर दंड लावता ना तुम्ही? तिथं माझं भंगार वाटेत पडलंय. कुणाच्या चालत्या उपग्रहावर आदळलं तर तुकडे होतील, आणि तेही लवकर पडायचे नाहीत. माझ्याआधी ते जायला हवं, बाई."

काका हॉस्पिटलात गेले, तेव्हा दुर्बीण घेऊन मीच वर जाऊ लागले. भेटायला गेले की पहिला प्रश्न, "दिसला?" पलंगामागून काकू मला खुणावत होत्या, पडला म्हणून सांग. मला ते जमलं नाही.

"दिसला. अगदी टायमावर."

"हट्टी आहे लेकाचा," काका हसले. "लक्ष ठेवा." त्याच आठवड्यात ते गेले.

परवा गच्चीवर सोलर पॅनल बसवायला कंत्राटदार आला. "मॅडम, पंचवीस वर्षं बघायला नको."

"आणि नंतर उतरवणार कोण?"

"तेव्हाचं तेव्हा बघू ना!"

मी किल्ली परत कपाटात ठेवली. उतरवायचं करारात येईल, तेव्हा त्याला गच्ची मिळेल. तोवर ती फक्त त्या ठिपक्यासाठी उघडते.