हरेश्वरने पाणी मारलं नव्हतं

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या भानगडी माहीत आहेत. शाळा का सुटली, भावाशी का बोलत नाही, सगळं. ही एक नाही. तिला नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच. तुला सांगतोय. तुलाच का, ते विचारू नकोस, मलाही नीट कळलेलं नाही.

मी वायरमन आहे. घरांचा नव्हे, गाड्यांचा. कांजूरमार्गला रस्त्याला लागून माझा गाळा आहे. हेडलाइट, हॉर्न, सेल्फ, बॅटरी, गाडीत विजेवर जे काही चालतं ते माझ्याकडे येतं. लोक म्हणतात मेस्त्रीचा हात चांगला, मेस्त्रीचं काम परत येत नाही. हे ऐकायची सवय लागते रे माणसाला. इतकी लागते की — पण ते पुढे.

भारतीताई कोळीवाड्यातली. पहाटे धक्क्यावर मासळी घ्यायची, पिकअपमध्ये बर्फात भरायची आणि मुलुंडच्या मार्केटात न्यायची. तिथे सहा-सात बायका तिच्या गाडीची वाट बघत पाट मांडून बसलेल्या असायच्या. गाडी चालवायचा तिचा दीर, हरेश्वर. आधी तो बोटीवर होता, आणि दारूत होता. भाऊ गेला त्याच्या तेराव्याला त्याने वहिनीच्या हातात भरलेली बाटली दिली, म्हणाला ओतून टाक. बोट सोडली आणि तिच्या गाडीवर बसला. चार वर्षं थेंबाला शिवला नव्हता. हे मला ताईनेच सांगितलेलं, गाळ्यातल्या स्टुलावर बसून, चहा पिताना. तेव्हा तिच्या तोंडावर जो अभिमान होता, तो मला आठवतो. म्हणजे — मला सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एकदा हरेश्वर आला. मागच्या हौद्यात दोन दिवे लावून दे म्हणाला, पहाटे मासळी भरताना काही दिसत नाही. साधं काम. बॅटरीपासून वेगळी वायर ओढायची, मध्ये रिले टाकायचा, म्हणजे दिव्यांचा भार गाडीच्या बाकी वायरिंगवर येत नाही. तासभर लागतो. माझ्याकडे आणखी तीन गाड्या उभ्या होत्या, आणि मला तो तास द्यायचा नव्हता.

हल्लीच्या गाड्यांत डॅशबोर्डच्या खाली एक डबा असतो. बॉडी कंट्रोल मॉड्यूल, आम्ही बीसीएम म्हणतो. वायपर, इंडिकेटर, लाइट, दरवाज्याचं लॉक, चावी खरी की खोटी — सगळं तो बघतो. त्यातून निघणाऱ्या एका वायरला मी ते दिवे जोडले. फ्यूज उडाला. तेव्हा तरी थांबावं ना? मी दहा अँपिअरच्या जागी तीसचा, सहज न उडणारा फ्यूज टाकला. दिवे लागले. हरेश्वर म्हणाला, झकास.

दहा-बारा दिवसांनी विक्रोळीजवळ हायवेवर गाडी बंद पडली. भर उन्हात, कोरड्या काचेवर वायपर आपोआप फिरायला लागले, मग इंजिन गेलं, आणि मग गाडी स्वतःची चावीच ओळखेना. मागे पूर्ण माल. टो करून माझ्याकडे आणेपर्यंत दुपार झाली. बर्फाचं पाणी हौद्यातून रस्त्यावर गळत होतं. त्या दिवशी मुलुंडच्या बायका रिकाम्या पाटावर बसून घरी गेल्या, आणि ताईने पापलेटं, सुरमई — सगळं टाकून दिलं.

मी डबा काढून उघडला. आतल्या बोर्डावर एकच जागा जळून काळी झाली होती. नेमकी तीच, जिथून मी दिवे जोडले होते. बघताक्षणी कळलं. हरेश्वर बाहेर फुटपाथवर बसला होता. मी पहिलं काम काय केलं असेल? माझी वायर कापून खिशात टाकली. तीसचा फ्यूज काढून दहाचा लावला.

ताई आली. विचारलं, "कशानं झाला मेस्त्री?"

मी म्हणालो, आत पाणी गेलंय.

खरं सांगतो, तेव्हा मला कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं. मच्छीची गाडी, पाणी लागतंच, विषय संपला, असं वाटलं. पण ताई हरेश्वरकडे वळली. आतून पाण्याचा पाइप मारलास काय रे? तो म्हणाला, "नाय वयनी. आत मी फडक्यानं पुसतो." ती हळूच म्हणाली, "पुन्हा चालू केलंस काय?"

ताई मला म्हणाली, उद्या येते, मला तो डबा दाखव, माझ्या डोळ्यांनी बघू दे.

इथवर सांगून थांबलो असतो तर एक खोटं बोललो, एवढंच झालं असतं. पण तेवढंच नाही. संध्याकाळी गाळा बंद करण्याआधी मी एका झाकणात हौद्यातलं उरलेलं खारं पाणी घेतलं. बोट बुडवून ते बोर्डावर फिरवलं. जळलेल्या जागेवर जरा जास्त. आणि तो बोर्ड पंख्याखाली ठेवून घरी गेलो, जेवलो.

सकाळी त्यावर पांढरं मीठ धरलं होतं. दोघं आली. मी दाखवलं. ताईने वाकून बघितलं. हरेश्वरने तो बोर्ड हातात घेतला. ज्याचं अर्धं आयुष्य बोटीवर गेलं त्याला मी मीठ दाखवत होतो. त्याने नखाने थोडं खरवडलं, बोटांत चोळलं. मग माझ्याकडे बघून, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "ओला हाय अजून." ते मीठ रात्रीचंच आहे, हे त्याला कळलं होतं.

ताईने मला विचारलं, "मेस्त्री, तू सांग. तुझ्यावर माझा इश्वास हाय."

मी म्हणालो, "पाण्याशिवाय असं होत नाही ताई."

तो भांडला नाही. माझ्याकडे बोट दाखवलं नाही. एकेकाळच्या दारुड्याचा शब्द आणि मेस्त्रीचा शब्द — कुठला खरा ठरणार, हे त्याला माझ्याआधी कळलं असेल. गाडीची चावी बॉनेटवर ठेवून तो चालत निघून गेला.

नवा मॉड्यूल यायला आठ दिवस लागले. तो नुसता बसवून चालत नाही, लॅपटॉप लावून त्याला गाडीची ओळख करून द्यावी लागते, चाव्या शिकवाव्या लागतात. दोन चाव्या होत्या, त्यातली एक हरेश्वरकडे असायची. ताई म्हणाली, एकच शिकव. हौद्यातल्या दिव्यांना मी या वेळी बॅटरीपासून वेगळी वायर ओढली, रिले टाकला. तासभरच लागला.

हरेश्वर परत बोटीवर गेला. दोन-तीन महिन्यांत ऐकलं, प्यायला लागलाय. मग ऐकलं, घरात चूल वेगळी झाली. ताईच्या मुलीचं लग्न झालं, मला बोलावणं होतं, मी गेलो. मुलीच्या मागे काका म्हणून दुसराच कुणीतरी उभा होता. मी जेवलो, आहेर दिला, आलो. ताई सगळ्यांना सांगत होती, हे आमचे मेस्त्री.

अशी तीन वर्षं गेली. किती वेळा ती गाडी माझ्याकडे आली असेल? दर वेळी ताई स्टुलावर बसायची. दर वेळी मी मनात वाक्य जुळवायचो, आणि दर वेळी ते गाडीबरोबर निघून जायचं. मला कशाची भीती होती? ती ओरडेल याची नाही. ती गाडी दुसरीकडे नेईल, आणि कोळीवाडा म्हणेल मेस्त्रीच्या हातून जळलं. बस्स, एवढीच.

गेल्या महिन्यात ती आली. मागचा इंडिकेटर जात होता. स्टुलावर बसली आणि स्वतःहूनच म्हणाली, हरी घरी आला. पार वाळलाय, हात थरथरतात. तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, चुकलो वयनी, मीच पानी मारला होता, मीच प्यायलो होतो, मला घरात घे.

"मी माफ केला त्याला," ताई म्हणाली. "कबूल केलान ना शेवटी. माणसानं कबूल केलं की झालं."

माझ्या हातात बल्ब होता. गाळ्यात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, बरं झालं ताई. आणि खाली वाकून बल्ब बसवला.