अण्णांनी हाक मारली तेव्हा मी रोह्यात होतो

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर चहाबरोबर टाइमपास म्हणून. भुताखेतांना आमच्या घरात कधीच थारा नव्हता. आई गेली तेव्हा कावळा शिवत नाही म्हणून सगळे खोळंबले होते, आणि मी सरळ "चला, उशीर होतोय" म्हणून उठलो होतो... काही नातेवाईक अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. तोच मी आज हे लिहायला बसलोय म्हणून माझी बहीण हसतेय. हसू दे. यातला अर्धा भाग तिनेच स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

आमचं घर पेणला, बाजाराच्या मागच्या आळीत. आता राहणारे दोघंच — मी आणि माझे वडील, अण्णा. माझं लग्न झालेलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. बाहेरच्या खोलीत माझं टेबल-खुर्ची, मधल्या खोलीत अण्णांची खाट, मागे स्वयंपाकघर. दोन्ही दारांतून सरळ आरपार दिसतं. म्हणजे मला दिसतं. अण्णांची नजर काचबिंदूने गेली त्याला आता बरीच वर्षं झाली.

अण्णा गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. मूर्ती रंगवून झाली की सगळ्यात शेवटी बारीक ब्रशने डोळे काढतात, ती आखणी. त्यांच्या कारखान्यात एक कडक नियम होता — आखणी चालू असताना आखणाऱ्याला हाक मारायची नाही. आग लागली तरी नाही. दचकून हात हलला तर देव तिरळा व्हायचा आणि सगळी मेहनत पाण्यात. हा नियम त्यांनी घरीही आणला. मी शाळेत असताना अभ्यासाला बसलो की ते मला हाक मारायचे नाहीत, आणि आता मी लॅपटॉपवर काम करतो तेव्हाही नाही. कीबोर्डचा आवाज येतोय म्हणजे सुहास कामात आहे. आवाज थांबेपर्यंत माणूस तहानलेला बसून राहील, पण तोंडातून शब्द काढणार नाही.

माझं काम एका कंपनीसाठी घरून चालतं. लोकांच्या आजारपणाचे रिपोर्ट आणि बिलं तपासायची. माहिती खाजगी असल्यामुळे कुठल्याही वाय-फायवरून हे काम करायला परवानगी नाही. गेल्या हिवाळ्यात माझी धाकटी बहीण मनीषा रोह्याला जिन्यात घसरली आणि पाय मोडून बसली. तिचा नवरा कंपनीत, त्याच्या शिफ्टचा काही भरवसा नाही. तिच्याकडे दोन-तीन आठवडे जाऊन राहणं भाग होतं. माझ्या कंपनीला कळवलं तर त्यांच्या आयटीतल्या मुलाने एक डबी पाठवली — ट्रॅव्हल राउटर. अंगाच्या साबणाएवढी पांढरी डबी, तिला एक निळा दिवा. तिची जोडीदार दुसरी डबी पेणच्या घरी टेबलावर कायम चालू ठेवायची. मग मी रोह्यात बसून केलेलं सगळं काम एका बंद वाटेने आधी आमच्या पेणच्या घरी जाणार आणि तिथून बाहेर पडणार. मधे कोणाला डोकावता येणार नाही.

"सर, तुम्ही रोह्याला बसा नाहीतर चंद्रावर," तो मुलगा फोनवर म्हणाला, "जगाच्या दृष्टीने तुम्ही पेणच्या घरातच आहात."

तेव्हा मला हे भारी वाटलं होतं.

खरा घोर अण्णांचा होता. त्यांना शुगर आहे, दिसत नाही, आणि रोह्याला येणार का विचारलं तर म्हणाले, "मनीच्या घरात मला भिंती माहीत नाय. तिचा एक पाय मोडला, माझे दोन मोडतील. तू जा." मनीषाचं म्हणणं होतं की आता त्यांना कायमचं तिच्याकडे आणावं. त्यांना एकटं राहणं झेपतं की नाही, हे या दोन-तीन आठवड्यांतच ठरणार होतं. नाही झेपलं तर पेणचं घर बंद. हे अण्णांनाही माहीत होतं, आणि त्या घराबाहेर ते फार दिवस काढणार नाहीत हे आम्हा दोघांनाही.

स्वयंपाकाला येणाऱ्या कमळाबाय सकाळ-संध्याकाळ येत होत्या. मधली दुपार अण्णा एकटे. जाताना मी एक काम केलं — साखरेचा डबा लपवला. अण्णांना गोडाची भारी हौस, आणि आंधळे असले तरी साखर बरोबर शोधतात! स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या डोक्यावर, त्यांच्या जुन्या साच्यांच्या मागे डबा ठेवून दिला. माझा हात तिथे टाचा उंचावून जेमतेम पोचतो. कमळाबायना म्हटलं, चहा बिनसाखरेचा करा, डबा कुठे आहे ते विचारूच नका.

रोह्यात छान चाललं होतं. मनीषा दिवाणावर पाय पसरून पडलेली, मी तिच्या जेवणाच्या टेबलावर. खिडकीतून कुंडलिकेवरचा पूल दिसायचा आणि लॅपटॉपवर जाहिराती मात्र पेणच्या दुकानांच्या. मनीषा चिडवायची, "दादा, तुझं शरीर फक्त इकडे आलंय."

अण्णांना रोज संध्याकाळी फोन करायचो. आवाज एकदम ठणठणीत, उलट घरी असतो त्यापेक्षा खुशीत. एकदा म्हणाले, "दुपारचा जेवत जा रे. नुसता बडवत बसतोस." मला वाटलं, बापाचं नेहमीचं बोलणं आहे... हो म्हटलं आणि ठेवला फोन.

मग तो गुरुवार. गुरुवार नक्की, कारण सकाळी मनीषाला प्लास्टर दाखवायला नेलं होतं. परत येऊन जेवलो आणि कामाला बसलो. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन. मी कानावर हेडफोन लावून एक रिपोर्ट वाचत होतो. पुढचं मला नीट आठवत नाही, मनीषाने सांगितलं तेच लिहितो. मी एकदम हेडफोन काढले, खुर्ची मागे सारली आणि मोठ्याने म्हणालो, "आलो अण्णा, आलो!"

"अण्णा इथे कुठे?" मनीषा हसायला लागली.

मला ओशाळल्यासारखं झालं. मी तसाच उभा होतो, समोर तेच पान उघडं होतं, आणि किती वेळ उभा होतो कोण जाणे. "सवय गं," एवढं म्हटलं आणि परत बसलो. डबीचा निळा दिवा शांतपणे चालू होता.

पुढच्या आठवड्यात मनीषा काठी घेऊन चालायला लागली आणि मी मेमू गाडीने पेणला परतलो. अण्णा खाटेवर रेडिओ लावून बसलेले, तब्येत झकास. आत चहा टाकायला गेलो तर ओट्यावर साखरेचा डबा!

"अण्णा," मी तिथूनच ओरडलो, "चोरी पकडली बरं का. कोणाकडून काढवलात डबा?"

"कसली चोरी? तूच काढलास ना," अण्णा म्हणाले.

"मी?"

"त्या गुरुवारी रे. माझा उपास. गोळी घेतली सकाळी आणि ती खिचडी काय जाईना घशाखाली. दुपारी घाम फुटला, हातपाय लटलट कापायला लागले. तुझं खटखट चालूच होतं. म्हटलं थांबेल, मग सांगू... नाय थांबला. मग मेली शेवटी मारली हाक." हे ते असं म्हणाले की जणू माफी मागत होते. "आलास लगेच. साखरेचं पाणी दिलंस. नायतर त्या दिवशी आटपलंच होतं माझं."

गॅस बंद करून मी त्यांच्या खाटेपाशी आलो आणि एकेक विचारत गेलो.

अण्णांचा समज असा होता की मी रोज सकाळच्या गाडीने पेणला येतो, दिवसभर बाहेरच्या खोलीत काम करतो आणि संध्याकाळच्या गाडीने मनीषाकडे झोपायला जातो. का, तर रोज त्यांना कीबोर्डचा आवाज येत होता. पहिल्या दिवसापासून. आणि कामातल्या माणसाला हाक मारायची नाही हा नियम, म्हणून त्यांनी एकदाही विचारलं नाही. बिचारे खूश होते, पोरगा आपल्यासाठी एवढी दगदग करतोय म्हणून.

संध्याकाळी कमळाबाय आल्या. त्या उंचीने माझ्या खांद्याच्याही खाली. "मी नाय बा हात लावला. माझा हात पोचतो का तिथं?" त्या म्हणाल्या. "त्या सांजेला आले तवा डबा वट्यावरच व्हता, बाजूला गिलास. मला वाटलं, तुम्ही येऊन गेलाव. तुमची खुर्ची पन रोज बाहेर ओढलेली असायची, मीच आत सारायची." घरातलं एकुलतं एक स्टूल तांदळाच्या गोणीखाली, जागचं हललेलं नव्हतं. दाराच्या किल्ल्या दोनच, एक त्यांच्याकडे आणि एक माझ्या खिशात.

रात्री मनीषाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दादा, तू सवय म्हणालास त्या दिवशी. पण अण्णा तुला कामात असताना कधी हाक मारतात?"

मारत नाहीत. आयुष्यात मारली नव्हती. मग सवय कसली?

शुगर उतरली की भास होतात, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि मला ते पटतंही. कीबोर्डचा आवाज कानाच्या सवयीतून ऐकू आला असेल, खुर्ची अण्णांनीच चाचपडत ओढली असेल... पण डबा? अण्णा माझ्याहून बुटके, त्यांचा हात तिथे पोचणं शक्यच नाही. आयटीच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला की त्या डबीतून फक्त माहिती जाते, सर. मला काय माहीत नाही ते?

अण्णांना खरं सांगावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. सांगितलं तर त्यांना स्वतःच्याच घराची भीती बसेल. नाही सांगितलं तर उद्या ते पुन्हा कुणाच्या तरी भरवशावर बसून राहतील. शेवटी सांगितलं — अण्णा, मी त्या दिवसांत एकदाही आलो नव्हतो.

ते घाबरले नाहीत. विझलेल्या डोळ्यांनी माझ्या दिशेला बघत राहिले. मग म्हणाले, "पन हाक मारली आणि कोणतरी आला, एवढं खरं ना?"

"हो."

"पाणी दिल्यावर पाठीवरून हात फिरवला त्याने. तेव्हाच मला जरा नवल वाटलं होतं. तू कधी..." ते थांबले. आणि मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "मग आधी? इतकी वर्षं बाहेर बसायचा, तो तरी तूच ना रे?"

हो म्हणायला किती सोपं होतं! पण कानावर हेडफोन चढवून दिवसचे दिवस पलीकडच्या खोलीत बसणारा मी, आणि मी नसताना नुसता वाजणारा कीबोर्ड, यात त्या माणसाला काहीच फरक जाणवला नव्हता. जो फरक जाणवला तो एका हाताचा, आणि तो हात माझा नव्हता. असलाच तर मला ठाऊक नव्हता.

पेणचं घर बंद करायचा विषय आता संपलाय. मनीषानेच संपवला. मी घरी हेडफोन लावत नाही आणि कारखान्याचा नियम मोडीत काढलाय. आता अण्णा दिवसातून दहा वेळा हाका मारतात, किती वाजले, कोण आलं, भाजी कसली... कधी कधी वैताग येतो, आणि तेही त्यांना सांगतो.

परवा मनीषाच्या पायाच्या तपासणीसाठी एका दिवसाकरता रोह्याला निघालो होतो. ट्रॅव्हल राउटर पिशवीत टाकला. टेबलावरची डबी चालूच होती, ती मी बंद करत नाही. का, ते विचारू नका. निघताना अण्णांजवळ गेलो, आणि आमच्यात कधी नव्हती ती पद्धत, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला बराच संकोच वाटला.

अण्णांनी मान वळवली. थोडा वेळ अंदाज घेत राहिले, आखणीच्या आधी ब्रश धरून थांबायचे तसे.

"हां," ते म्हणाले. "हाच."

मी गाडी चुकवली. पुढच्या गाडीने गेलो. हे सगळं काय होतं ते मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला उकललं तर मला जरूर लिहा, अण्णांना मात्र त्याची गरज नाही.