कमरख आणि दाजींची उचकी

नागपूर स्टेशनवर उतरले तेव्हा माझी सांगलीची शाल अगदीच बिनकामाची ठरली, इतकी थंडी. तिथून एसटीने नरखेड तालुक्यात, ताईच्या गावी निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांनी लगडलेल्या बागा. मी खूश होते. पण बागांत माणूस दिसेना, पाखरू दिसेना. विहिरीवरच्या मोटारींची तेवढी घरघर. मला उगाचच कसंतरी वाटलं.

ताईच्या घरात मात्र संत्रं बंद. दाजींची (ताईच्या नवऱ्याची) मूत्रपिंडं मधुमेहाने अधू झालेली. रक्तात पोटॅशियम साचतं म्हणून डॉक्टरांनी संत्री, मोसंबी, केळी सगळं वर्ज्य केलेलं. जन्मभर संत्री पिकवणारा माणूस आता ती नुसती हुंगतो, हे बघून मला फार वाईट वाटलं.

दुपारच्या ताटात ताईने कमरख वाढलं (पाच धारांचं आंबट फळ, आडवं चिरलं की चांदण्या पडतात). वर मीठ आणि भिवापुरी तिखट. दाजींनी मूठभर काप उचलले.

"दाजी, फळ चालतं तुम्हाला?" मी विचारलं.

"हे कुठं फळ होय वं? आंबट आहे ते, चटणीतलं. डॉक्टरनं त्याचं नावही नाही घेतलं."

"साखर कमी, व्हिटॅमिन सी भरपूर," ताईनेही दुजोरा दिला. संत्र्याच्या मुलखात फळ म्हणजे व्यापारी उचलतो ते. विहिरीपाशी आपोआप उगवलेल्या कमरखाला त्या पंगतीत जागाच नव्हती. आम्ही सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं.

ऊन कलताना दाजींना उचकी लागली. पाणी झालं, श्वास रोखून झाला. थांबेना.

"कोण आठवण काढून राहिलं गा तुह्यी?" शेजारचे बबनराव हसत ओसरीवर आले, आणि घरोघरी चालतो तोच खेळ सुरू झाला. एकेक नाव घ्यायचं; ज्याच्या नावाला उचकी थांबेल, त्याने आठवण काढली. मुलीचं नाव झालं, जावयाचं झालं, साडूचं झालं. आम्ही हसत होतो. हळूहळू जिवंत माणसं संपली. बागेतलं धुकं अंगणाकडे सरकत होतं.

बबनराव हलकेच म्हणाले, "तुह्यी माय?"

उचकी थांबली.

माय जाऊन कैक वर्षं झाली होती. कुणी हसलं नाही. दाजी विहिरीकडे एकटक बघत होते आणि मान हलवत पुटपुटत होते, "हो माय. हो." मग उचकी दुपटीने उसळली. ताईने खांद्याला धरलं तर म्हणाले, "ही बाई कोण आहे?" त्यांचे हात झटके देऊ लागले. मी किंचाळले. बबनरावांनी गाडी काढली.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, दुपारी काय खाल्लं. कमरख म्हणताच त्या ताडकन उठल्या. निरोगी माणसाला ते गुणाचंच, म्हणाल्या. पण त्यातलं एक विष मूत्रपिंडांनी बाहेर टाकावं लागतं. अधू मूत्रपिंडांना ते जमत नाही आणि विष मेंदूत भिनतं. न थांबणारी उचकी ही त्याचीच खूण. लगेच डायलिसिस सुरू झालं.

"उचकी लागल्याबरोबर का नाही आणलंत?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. नावं घेत बसलो होतो, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

दाजी वाचले. परतीच्या दिवशी त्यांना भेटायला गेले, तेव्हा राहवेना म्हणून विचारलंच, "त्या दिवशी विहिरीकडे काय बघत होतात?"

"माय उभी होती. ओरडून राहिली होती, नावं काय घेता, पोराले दवाखान्यात न्या. काहून वं, तुमच्यातल्या एकालेही ऐकू नाही आलं?"

विषाने माणसाला भास होतात, हे डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. गाडीत मी तेच स्वतःला सांगत राहिले. सांगली आली तरी पटलं नव्हतं. भास तर भास. पण त्या ओसरीवर काय करायला हवं होतं, ते एकट्या तिलाच कळलं होतं.