काकांच्या नावावरची मशिनं

मार्चचा शेवटचा सोमवार. काम एकच: शनिवारी डोमेनवर घेतलेली, म्हणजे एका सर्व्हरच्या ताब्यात दिलेली ऑफिसातली मशिनं नीट उघडतात का ते बघणं.

बाभुळगावच्या एका सहकारी संस्थेत मी हेडक्लार्क. कॉम्प्युटरचं बघायला दुसरं कोणी नाही, म्हणून तेही माझ्याकडेच. आजवर सगळ्या मशिनांना एकच नाव आणि एकच पासवर्ड होता. आता ज्याचा त्याला वेगळा. यवतमाळच्या माणसाने जोडणी करून दिली, आणि जुन्या फायली नव्या नावांना उघडाव्यात म्हणून मी शनिवारी एकेका फोल्डरला परवानग्या देत बसले.

सोमवारी दारातच अकाउंटंटबाईंचा आवाज ऐकू आला. "मॅडम, माह्या फायली कुठं गेल्या? पगारपत्रक नाही, प्रिंट नाही. परवानगी नाही म्हणते हे!"

शेजारच्या टेबलांवरही तीच बोंब. शनिवारची मेहनत पाण्यात गेली, असंच वाटलं. मग पडद्यावरचं नाव वाचलं. प्रत्येक मशिनावर एकच नाव होतं, आमच्या शिपाईकाकांचं.

काका तांड्यावरून सायकलने सगळ्यांच्या आधी येतात. झाडू, माठात पाणी, अगरबत्ती, मग एकेक मशीन चालू करून पासवर्ड टाकणं. आलेल्या माणसाने टेकलं की लगेच कामाला लागावं, ही त्यांची इतक्या वर्षांची पद्धत. जुना पासवर्ड चालेना, तेव्हा त्यांनी हजेरीसाठी मिळालेलं स्वतःचं नाव आणि पासवर्ड सगळीकडे टाकला. डोमेनवर एक नाव कुठल्याही मशिनावर चालतं. पण काकांच्या नावाला हजेरीपलीकडे काहीच उघडायची मुभा नव्हती.

मी समजावून सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे साऱ्या मशिनी माह्या नावावर झाल्या? वावर त अजून बापाच्याच नावावर हाये!"

सगळे हसले. अकाउंटंटबाई नाही. "यायले आता मशिनीले हातच लावू देऊ नका, मॅडम."

काकांनी हातातलं फडकं खुर्चीवर टाकलं. "बरं. मंग मी सकाळी लवकर येऊन करू काय?"

मी आधी प्रत्येक मशिनावर काकांचं नाव बंद केलं, ज्याने त्याने आपलं टाकलं, फायली जिथल्या तिथे होत्या. यवतमाळला फोन केला, तर तो माणूस म्हणाला, "मशिनं सकाळी आपोआप चालू होतील असं लावून देतो. माणूसच नको." कळवते म्हणाले आणि फोन ठेवला. काका दिवसभर बाहेर स्टुलावर बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या मागोमाग ऑफिसात पोचले. म्हटलं, "काका, नुसतं बटण दाबा. पासवर्ड टाकू नका."

त्यांनी रोजच्यासारखी फेरी मारली. प्रत्येक पडद्यावर काल तिथे बसलेल्या माणसाचं नाव येऊन थांबलं. काका वाचत गेले. अकाउंटंटबाईंच्या मशिनापाशी जरा रेंगाळले, फडक्याने त्याचा पडदा पुसला.

"म्हणजे उठवाचं म्या, उघडाचं त्यायनं."

"तेच."

मग मी यवतमाळला फोन लावला आणि आपोआपचं काही लावू नका म्हणून सांगितलं.