इन्व्हर्टरचा देश

काकूंनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट कुणालाही न विचारता ठरवली, आणि तिच्यापायी रोज दुपारी छतभर ऊन वाया जाऊ लागलं.

टेलिफोन खात्यात त्या एकतीस वर्षं परदेशचे फोन जोडून द्यायच्या. कानात जगभरचं बोलणं, बूड मात्र एकाच खुर्चीत. निवृत्तीनंतर घरावर सोलार बसलं. सोलारवाला वर नट आवळत असताना जिन्याखालच्या इन्व्हर्टरचा पडदा उजळला: 'देश निवडा.' खाली ही लांबलचक यादी. काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि जिथली ऑपरेटर बाई रोज त्यांची आपुलकीनं विचारपूस करायची, तो देश दाबून मोकळ्या झाल्या.

झालं. इन्व्हर्टर तिकडच्या नियमानं वागू लागला. तिकडची वीज म्हणे अगदी मोजूनमापून येते. इथल्या विजेचा दाब दुपारी जरा चढला, की हा नाक मुरडून बंद. ऊन रणरणतंय, आणि घरातला पंखा वीजमंडळाच्याच विजेवर फिरतोय.

काका वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक. चूक दुसऱ्याचीच असते, या खात्रीवर त्यांची सगळी नोकरी झालेली. आधी त्यांनी कबुतरांवर संशय घेतला. मग इन्व्हर्टर तापत असेल म्हणून जिन्याखाली, जिथे ऊन कधी फिरकलंच नव्हतं, तिथे छत्री उघडून बांधली. तेवढ्यानं भागेना, तेव्हा तो आवाजानं दचकत असेल म्हणून दुपारी बारा ते तीन घरात कुजबुजतच बोलायचं, असा नियम काढला. काकूंच्या अगदी ओठांवर यायचं, पण काका छत्रीची दोरी इतक्या मन लावून आवळत असायचे की काकूंना सांगायचा धीरच व्हायचा नाही.

सोलारवाला आठ वेळा आला. बिचाऱ्यानं वायरी बदलल्या, फ्यूज बदलले, मंडळाच्या नावानं बोटं मोडली. सेटिंग आपण पहिल्याच दिवशी केलंय, ही त्याची पक्की समजूत, त्यामुळे तिकडे तो वळलाच नाही.

नवव्या खेपेला काकांनी त्याच्या नावाची तक्रार तयारच ठेवली होती. सात पानं, शिवाय परिशिष्ट. सोलारवाल्यानं ती वाचली आणि मटकन पायरीवर बसला. हे पत्र साहेबाच्या हातात पडलं की आपली नोकरी गेली, असं तो म्हणाला. त्याच्या घरी दोन लहान मुली होत्या. काका पाकिटाला डिंक लावत राहिले.

आता मात्र काकूंना राहवेना. दुपारचा एक वाजला होता, म्हणून त्या कुजबुजल्या, "त्याची चूक नाही. देश मी निवडला."

सोलारवाल्यानं उठून सेटिंग उघडलं, कपाळावर हात मारला आणि देश बदलला. पाचएक मिनिटांत हिरवा दिवा लागला आणि टिकला.

काका दिव्याकडे बघत म्हणाले, "अगं, आपला देश यादीत नव्हता का?"

"होता की."

"मग?"

"एकतीस वर्षं मी लोकांना जोडून दिलं," काकू म्हणाल्या. "तुला कुठला हवा, हे मला पहिल्यांदा या इन्व्हर्टरनंच विचारलं."

काकांनी पाकीट फाडलं. मग पायरीवर काकूंच्या शेजारी टेकले आणि आपलाच नियम पाळत अगदी हळू म्हणाले, "यादीत आणखी कुठले कुठले होते?"