कात्रपचा शेतकरी बाजार, वजा शेतकरी

भाजीची पिशवी झटकली की तळातून काय काय निघतं! सुकलेली मिरची, लसणीची सालं, मातीचं ढेकूळ. आमच्या शेतकरी बाजाराच्या किश्शांचं तसंच आहे. मी काही मुद्दाम जमवले नाहीत, साठत गेले. मैत्रिणी ऐकून पोट धरून हसतात. मला मेलीला आता हसूच येत नाही.

बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये, आमच्या सोसायटीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर, दर रविवारी सकाळी हा बाजार भरतो. "शेतातून थेट घरात" हा बॅनर मीच हौसेनं लावला. सुरुवातीला आठ शेतकरी यायचे. आता स्वतः पिकवून विकणाऱ्या एकट्या जनाकाकू उरल्यात, खरवईच्या. त्यांच्याही मुलांनी जमीन बिल्डरला देऊन टाकली. पावसाळा संपला की तिथे खोदकाम सुरू होणार. काकू गेल्या की माझ्या बाजारात उरणार काय? बॅनर!

*

अंबरनाथ पूर्वेपलीकडच्या एका गावातून पांडूदादा यायचे. औषध न मारलेला फ्लॉवर आणायचे. एका मॅडमना त्यात अळी सापडली.

"शी! याला ऑर्गेनिक म्हणता?"

मी म्हटलं, "अहो, अळी आहे म्हणूनच ऑर्गेनिक!"

"मला ऑर्गेनिकच हवंय हो. पण अळीशिवायचं."

तीन रविवार हेच तुणतुणं. चौथ्या रविवारी पांडूदादांनी पांढराशुभ्र फ्लॉवर मांडला. तासाभरात फडशा! मॅडम म्हणाल्या, "बघा, बोलल्यावर कसा प्युअर माल आला!"

पांडूदादा माझ्या कानाशी आले. "ताई, पहाटे कल्याणच्या मार्केटातनं उचलला. माझा गुरांना घातला."

पुढच्या रविवारी ते आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, "मार्केटचाच माल विकायचा तर स्टेशनबाहेर बसतो. तिथं डोक्यावर तुमचा बॅनर तरी नाय." मी फोन ठेवला.

*

जूनमध्ये काकू शेवळं आणतात. ही रानभाजी घशाला खाजते, म्हणून तिच्याबरोबर काकडं घालावी लागतात, छोटी हिरवी आंबट फळं. काकू ती शेवळांबरोबर फुकट देतात.

आमच्या बी विंगमधल्या एका बाईंनी ती परत केली. "ही कच्ची फळं नकोत हो, उगाच पिशवी भरते."

"बाय, घे गो. नायतर घसा धरंल," काकू म्हणाल्या.

"आम्हाला सवय आहे हो स्पायसीची!"

दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बॉम्ब पडला. अख्ख्या घराचा घसा खाजतोय, बाजारात केमिकलवाली भाजी विकतात, सेक्रेटरींनी, म्हणजे मीच, ॲक्शन घ्यावी! मी सगळं समजावून लिहिलं. त्यावर बाईंचा रिप्लाय आला, "मग भाजीबरोबर युजर मॅन्युअल द्यायला काय होतं?"

अगं बाई, तेच तर काकू पिशवीत घालत होत्या!

*

रिकाम्या जागा डोळ्यांत खुपायला लागल्या तसा उल्हासनगरहून हरीशभाई आला. येऊन बघते तर काय, पांडूदादांच्या जागी जीन्सचा ढीग! मी तडकले. "भाई, ये किसान मार्केट है. जीन्स कायको?"

तो शांतपणे हँगर लावत म्हणाला, "मॅडम, किसान क्या नंगा घूमता है?"

त्या रविवारी सगळ्यात जास्त गर्दी त्याच्याकडे. जनाकाकूसुद्धा नातवासाठी एक घेऊन गेल्या. आमचे हे घरी आल्यावर म्हणतात कसे, "चला, एक तरी शेतकरी गिऱ्हाईक मिळालं!" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

*

एक मुलगी आली. काकूंच्या हातात लाल माठाच्या जुड्या देऊन तिने रील काढलं. "काकू, स्माइल! आता मातीकडे बघा!" काकू बिचाऱ्या बघताहेत. शेवटी मीच म्हटलं, "एखादी जुडी तरी घे."

"नको आंटी, आम्ही ऑनलाइन मागवतो. दहा मिनिटांत येते."

काकूंनी डोळे मोठे केले. "धा मिन्टांत? मला तं महिना लागतो गो!"

*

आणि हा गेल्या रविवारचा.

आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक आहे, आयटीतला पोरगा, गुणी. बायकोला घेऊन, पेढे घेऊन आला. "काकू, खरवईत फ्लॅट बुक केला!" मोबाईलवर जागेचे फोटो दाखवायला लागला. विहीर, मागे चिंच, रस्त्याचं वळण. मी लगेच ओळखली. जागा काकूंची होती.

काकूंनी फोटो नीट बघितला. "ही आमचीच जागा रं."

पोरगा ओशाळला. "सॉरी काकू, खरंच माहीत नव्हतं."

"सॉरी कशाला? पोरांनी विकली, तू घेतलीस. कोनतरी राहनारच." त्यांनी पेढा तोंडात टाकला. मग त्याचा हात धरला. "एक मागू? विहिरीच्या अंगाला आमचा राखणदार हाय. शेंदराचा दगड. जमीन तोच राखतो. सासूनं माझ्यावर सोपवला. चाळीस वर्सं पेरणीआधी मी त्याला नारळ देते, एक साल चुकले नाय. पोरं म्हनतात, आमच्यानं व्हायचं नाय. बिल्डर नुसता हो हो करतो. त्याचं कोन बघंल, या घोरानं अन्न गोड लागत नाय मला. तू तिथं राहनार. देशील ना रं दरसाल नारळ?"

हरीशभाईसुद्धा हातातली जीन्स तशीच धरून उभा राहिला. पोरानं बायकोकडे बघितलं. तिने मोबाईलवरचा प्लॅन वर-खाली केला. मग तो अगदी मनापासून म्हणाला,

"काकू, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. ते मेंटेनन्समध्ये येत असेल."

काकू माझ्याकडे वळल्या. मी सोसायटीची सेक्रेटरी, मला सगळं ठाऊक असतं असं त्यांना वाटतं.

"येतं ना हो ताई, त्यात?"

मी म्हटलं, "येतं."